देव ओळखणारा हालवार

खूप खूप जुनी गोष्ट आहे ही. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांनी आपापल्या जागा अजून पक्क्या केल्या नव्हत्या. एखादा डोंगर झोपेत कूस बदलून वळला, तर सकाळी उठून लोक एवढंच म्हणायचे, "अरे, आज ऊन या बाजूने आलं वाटतं."

त्या काळी पृथ्वीच्या पार उत्तरेला, जिथे वर्षाचे आठ महिने बर्फ असतो आणि उरलेले चार महिने बर्फाच्या गप्पा असतात, तिथे समुद्राच्या एका चिंचोळ्या खाडीकाठी एक गाव होतं. गावाच्या मधोमध एक लांबच लांब लाकडी घर होतं. त्याला सगळे लांबघर म्हणत. आत मोठं चुलाण पेटलेलं असे. हिवाळ्यात सगळं गाव तिथेच जेवे, तिथेच काम करी, तिथेच भांडे आणि भांडण मिटवून तिथेच झोपे.

त्या काळचे देव आभाळात स्वस्थ बसणारे नव्हते. वर सगळं सोन्याचं होतं, पण सोन्याच्या ताटात वाढलेलं अन्न लगेच गार होई. म्हणून देव वेश बदलून खाली उतरत. कुणी म्हातारा होऊन, कुणी फेरीवाला होऊन, कुणी भिजलेलं कुत्रं होऊन दाराशी येई. ज्या गावात त्यांना शेकायला जागा मिळे, त्या गावाचं भलं होई. जिथून हाकलून देत, तिथे काय होई ते विचारू नका. खाडीपलीकडच्या एका गावाने एका भिकारणीला फुटक्या वाडग्यात वाढलं, तर पुढचे तीन उन्हाळे मासे त्या गावावरून तोंड फिरवून गेले म्हणे.

त्यामुळे लोकांनी धसका घेतला होता. देव कोण नि माणूस कोण, काही कळेना. एका बाईने तर किनाऱ्यावर येऊन पडलेल्या एका सीलला आठ दिवस लापशी भरवली. शेवटी तो इतका सुटला, की त्याला पाण्यात परत ढकलायला सहा माणसं लागली. देवबीव काही नव्हता तो. नुसता सील होता.

या गावात हालवार नावाचा एक जाळी विणणारा राहत होता. माणूस साधा, हाताचा कसबी आणि नजरेचा कच्चा. एकदा त्याची बायको रागना बहिणीकडे गेली होती. हालवारने स्वतःपुरतं माशाचं कढण करायला घेतलं. पण अंदाज नसल्यामुळे पातेलं काठोकाठ भरलं. तेवढ्यात दारावरून एक म्हातारा चालला होता. हालवार म्हणाला, "आजोबा, या आत. एवढं मला एकट्याला संपायचं नाही. आणि रागना आली तर मला बोलणी बसतील."

म्हातारा आला, पोटभर जेवला, मिशा पुसल्या आणि शेजाऱ्यांच्या देखत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी वारा फिरला. चार दिवसांपासून बेपत्ता असलेल्या गावच्या तिन्ही होड्या खाडीत शिरल्या. एकही माणूस गेला नव्हता. गाव नाचत हालवारच्या दाराशी आलं. सगळ्यांच्या पुढे गावाची मुखिया तोरा होती. ती वयाने मोठी. सगळे तिला तोरामावशी म्हणत.

तोरामावशीने विचारलं, "हालवार, तो म्हातारा देव होता, हे तुला कसं रे कळलं?"

हालवार सांगणारच होता, की मला कुठे काय कळलं, कढण जास्त झालं होतं. पण त्याने तोंड उघडायच्या आत कुणीतरी त्याच्या डोक्यावर पांढऱ्या कोल्ह्याच्या कातड्याची टोपी चढवली. अशी टोपी गावात कुणाकडेच नव्हती. ती मऊ होती, उबदार होती आणि कानांवरून छान खाली येत होती.

हालवार म्हणाला, "डोळ्यांत पाहिलं की कळतं."

बस. एवढंच एक वाक्य. पण त्या दिवसापासून हालवार गावाचा 'देव ओळखणारा' झाला.

त्याच्यासाठी वेशीच्या फाटकाशी उंच बाक ठेवण्यात आलं. येणारा प्रत्येक वाटसरू त्याच्यासमोर उभा राही. हालवार वाकून त्याच्या डोळ्यांत पाही, "हूं" म्हणे, आणि निकाल देई. देव ठरला त्याला लांबघरात, चुलाणाजवळ, अस्वलाच्या कातड्यावर बसवत. बाकीच्यांच्या हातावर जवाच्या भाकरीचा तुकडा ठेवत आणि होड्यांच्या खोपीकडे बोट दाखवत. त्या खोपीला एका बाजूला भिंतच नव्हती. पूर्वी गावात असं नव्हतं. पूर्वी जो येई तो सरळ आत येई. पण आता देव ओळखणारा असताना नुसत्या माणसांसाठी लाकडं कशाला जाळायची?

हालवारला डोळ्यांतलं काही म्हणता काही कळत नसे. तो आपला ज्यांचे जोडे चांगले त्यांना देव म्हणे.

रागनाला संशय होताच. एकदा ती जेवताना म्हणाली, "अहो, माझ्या भावाने दाढी काढली तेव्हा तुम्ही त्याला अर्धा दिवस 'पाहुणे, गाव कोणतं तुमचं?' म्हणून विचारत होता. आणि देव बरे ओळखता येतात तुम्हाला!"

हालवार म्हणाला, "ते वेगळं असतं." आणि भाकरीत तोंड खुपसलं.

पण त्याच्या मनाला स्वस्थता नव्हती. एकदा गारा पडत असताना त्याने एका म्हातारीला खोपीकडे पाठवलं. तिने जाताना एकदा मागे वळून पाहिलं.  त्या दिवशी हालवारने ताट तसंच सरकवलं. टोपी काढून द्यावी, खरं सांगून टाकावं, असं त्याला कितीदा वाटे. मग सकाळी कुणीतरी वाकून नमस्कार करी, आणि खरं सांगायचं ते आणखी एक दिवस राहून जाई.

असे दोन हिवाळे गेले. तिसरा हिवाळा तोंडावर आला.

एका दुपारी हालवार आपल्या छपरीत बसून जाळं दुरुस्त करत होता. वर दोरीवर धुरी दिलेले मासे टांगले होते. खिडकीतून एक पांढरा कुरव पक्षी आत आला, दोरीवर बसला, एक मासा तोडून खाऊ लागला आणि खाता खाता म्हणाला, "मीठ जरा कमी पडलंय."

हालवारच्या हातातली सुई गळून पडली. "तू... तू बोलतोस?"

"खाताना बोलू नये, ठाऊक आहे मला. पण घाईचं काम आहे. ऐक. उद्या वादळदेव तुमच्या गावात येतोय."

हालवार उभा राहिला. "वादळदेव? आमच्याकडे?"

"दुसऱ्यांदा. मागच्या वसंतात आला होता की. मेंढपाळाच्या वेशात, नाकावर तीळ. तू त्याच्या डोळ्यांत पाहिलंस आणि म्हणालास, 'देव नाही, पुढे चला.' खोपीत निजला बिचारा. त्याच्या अंगावर रात्रभर पाणी गळत होतं. स्वतःच पाडलेला पाऊस होता तो, आता काय बोलणार?" कुरवाला एवढं हसू आलं, की मासा त्याच्या चोचीतून निसटता निसटता राहिला. "तर तो भडकलाय. तीन हिवाळे ही खाडी गोठवून टाकीन, अशी शपथ घेऊन बसलाय. म्हणजे होड्या बंद, मासे बंद, तुम्हीही बंद."

हालवारला घाम फुटला. त्या थंडीत.

"मी म्हटलं त्याला, एकवार पुन्हा जाऊन बघ. त्यांना वागायचं कसं ते कळतं की नाही ते बघ, मग काय करायचं ते कर. तर उद्या येतोय तो. त्याला शेकायला जागा मिळाली तर राग उतरेल. नाही मिळाली, तर हे मासे जपून खा."

"पण तो कुठल्या वेशात येणार?"

"ते सांगितलं तर मला काय मजा राहिली?"

हालवारने हात जोडले. "निदान तू कोण आहेस ते तरी सांग!"

कुरवाने मान तिरकी केली. "देव ओळखणारा तू. तूच सांग."

हालवारने जवळ जाऊन त्याच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. डोळे गोल होते, पिवळे होते. बाकी काही समजेना. तो चाचरत म्हणाला, "तू... कुरव आहेस."

"शाब्बास!" कुरव म्हणाला. त्याने आणखी दोन मासे चोचीत धरले आणि तो खिडकीतून उडून गेला.

हालवारने गावाला एवढंच सांगितलं, की उद्या वादळदेव येणार आहे आणि त्याला शेकायला जागा मिळालीच पाहिजे. मेंढपाळाचं काही सांगितलं नाही. गावाने लांबघर झाडलं, अस्वलाचं कातडं झटकलं, चुलाणात ओंडके रचले. तोरामावशी म्हणाली, "एकच आसन मांडा. देव एकच येणार आहे. आणि हालवार, उद्या नीट बघ हो बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच आभाळ शिशासारखं जड झालं. वारा सुटला. खाडीवर पांढऱ्या लाटा उठू लागल्या. अशा दिवशी रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. पण दुपारी वेशीवर एक सोडून चार वाटसरू येऊन उभे राहिले. सगळं गाव फाटकाशी जमलं.

पहिला होता कातड्यांचा व्यापारी. जाडजूड, अंगावर तीन तीन कोट, पायात चकचकीत जोडे. त्याने गावात काय चाललंय ते वाटेतच ऐकलं असावं. तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मी कोण ते मी सांगणार नाही. पण आभाळ निवळायला हवं असेल, तर मला उबेला बसवा." गावात कुजबुज सुरू झाली.

दुसरी होती सुया विकणारी म्हातारी. असली म्हातारी हालवारने जन्मात पाहिली नव्हती. ती फाटकाच्या वरच्या आडव्या लाकडाएवढी उंच होती. दात दुखतोय म्हणून तिने नाकापासून गळ्यापर्यंत फडकं गुंडाळलं होतं. चालताना परकर सारखा पायात येत होता. सुया तिने वल्ही धरावीत तशा मुठीत धरल्या होत्या.

"सुया घ्या, सुया," ती म्हणाली, आणि जवळच्या झाडावरचं सगळं बर्फ खाली आलं.

तिसरी होती एक तरुण बाई. तिच्या पाठीवर तान्ही मुलगी बांधलेली होती. तिची होडी पलीकडच्या खडकांवर फुटली होती आणि ती तिथून चालत आली होती.

चौथा एक लंगडा म्हातारा होता. त्याच्या पाठोपाठ एक काळा बोकड आला होता. बोकडाला लांब दाढी होती आणि तो सगळ्यांकडे बघून हसल्यासारखा दिसत होता. पण बोकड काय, तसे दिसतातच.

हालवार बाकावरून खाली उतरला. त्याने व्यापाऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं. डोळे बारीक होते. हा असेल का? जोडे तर चांगले आहेत. पण मेंढपाळाचे जोडे फाटके होते, आणि तो देव निघाला.

त्याने म्हातारीच्या डोळ्यांत पाहिलं. तेवढ्यात तिला शिंक आली आणि दूर डोंगरात काहीतरी गडगडलं. हालवारने मनाशी म्हटलं, वारा वाढला वाटतं. आणि एवढा मोठा देव सुया विकायला कशाला येईल?

त्याने लंगड्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याच्या रूपात यायला देवांना आवडतं. हाच असणार! मग त्याने त्या बाईकडे पाहिलं. पण ज्याची कीव यावी असं रूप घेऊनही देव येतात. हिच्यासारखं कीव येण्याजोगं कोण आहे? मग हीच असेल. की ती तान्ही? तान्ही का नसेल?

"हालवार," तोरामावशी म्हणाली, "बर्फ पडायला लागलं. सांग, कोण?"

"थांबा, मावशी."

"जोड्यांवरून तरी तो पहिलाच वाटतो," मागून कुणीतरी म्हणालं.

हालवारला तेवढाच आधार वाटला. तो व्यापाऱ्याकडे बोट करणारच होता, इतक्यात त्या बाईच्या पाठीवरची मुलगी रडू लागली. हालवारने तिला गप्प करायला बोट पुढे केलं. तिने ते मुठीत धरलं. ती मूठ बर्फासारखी गार होती.

 त्याने होड्यांच्या खोपीकडे पाहिलं. भिंत नसलेल्या बाजूने वारा आत बर्फ लोटत होता. आतल्या होडीत वीतभर बर्फ साचलं होतं. त्याच्या मनात आलं, मी समजा नेम धरला आणि तो बरोबर लागला. देवाला ऊब मिळेल, खाडी वाचेल. आणि ही मुलगी? ही देव नसली तर संध्याकाळपर्यंत त्या खोपीत जगेल का?

त्याने डोक्यावरची टोपी काढली. ती धरायची कुठे ते त्याला सुचेना. बोकड पुढे झाला, त्याने ती हातातून ओढून घेतली आणि शांतपणे चावू लागला. हालवारचं तिकडे लक्षही गेलं नाही.

"मला ओळखता येत नाही," तो म्हणाला.

"अरे, मग आणखी जवळून बघ," तोरामावशी म्हणाली.

"तसं नाही, मावशी. मला कधीच ओळखता आलं नाही. त्या पहिल्या म्हाताऱ्याला मी कढण दिलं ते जास्त झालं होतं म्हणून. पुढे मी नुसते जोडे बघत होतो."  "मागच्या वसंतात एका मेंढपाळाला मी खोपीत पाठवलं. तो वादळदेव होता. म्हणूनच तो चिडलाय. गारा पडत असताना एका म्हातारीला पाठवलं. आणखी कितीतरी जणांना पाठवलं. चूक माझी आहे, गावाची नाही."

  तोरामावशीचा चेहरा लाल झाला. "अरे, दोन हिवाळे आम्ही तुझ्या भरवशावर... आणि आता? आता आम्ही काय करायचं?"

"आता सगळ्यांना आत घ्यायचं," हालवार म्हणाला. "मला कळत नाही, तुम्हाला कळत नाही. मग बाहेर कुणाला ठेवणार?"

"आसन एकच मांडलंय!"

तेव्हा गर्दीतून रागना पुढे आली. तिने त्या बाईच्या पाठीवरून मुलगी सोडवून आपल्या शालीत घेतली. ती तोरामावशीला म्हणाली, "मावशी, सरकून बसलं की जागा होते. आम्ही लहान होतो तेव्हा तुम्हीच सांगायच्या ना, 'सरका गं पोरींनो'?"

तोरामावशीने एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे पाहिलं. मग ती एकदम गरजली, "मग बघत काय उभे राहिलात सगळे? दार उघडा! आणि कढण वाढवा, पाणी घाला त्यात!"

हालवारने स्वतः लांबघराचं दार उघडलं. सगळे आत शिरले. बोकडही शिरला. व्यापारी मात्र उंबऱ्यावर अडला. "मी बोकडाशेजारी बसू? मी देव आहे!"

"असालही, महाराज," हालवार नम्रपणे म्हणाला. "नसालही. मला खरंच कळत नाही. या, इथे बसा. जरा सरकून घ्या, आजींनाही बसायचंय."

व्यापारी फणफणला, पण बाहेरचा वारा बघून सरकला.

बाहेर वादळ थैमान घालत होतं. आत गर्दी एवढी झाली, की एकाने खाजवलं तर दुसऱ्याला बरं वाटावं. कढणाचे वाडगे फिरू लागले. सुया विकणाऱ्या म्हातारीने चार वाडगे संपवले आणि पाचवा पुढे केला. ती बसली होती ते बाक मधून कडकडलं, तशी ती ओशाळून म्हणाली, "हाडं जड आहेत माझी." रागनाला कढण वाढायला हात मोकळे हवे होते, म्हणून तिने तान्ह्या मुलीला म्हातारीच्या मांडीवर ठेवलं.

म्हातारी घाबरली. तिचा एकेक हात त्या मुलीएवढा होता. तिने श्वाससुद्धा जपून सोडला. मुलगी उबेने तरतरीत झाली, तिने वर पाहिलं, ते दातदुखीचं फडकं मुठीत धरलं आणि खसकन ओढलं.

फडकं सुटलं. आतून भलीमोठी, ढगाच्या रंगाची दाढी बाहेर पडली. ती छातीपर्यंत खाली आली, आणि तिच्यात लहान लहान विजा तडतडत होत्या. मुलगी त्या धरायला हात नाचवू लागली.

चुलाणातला निखारा फुटला, तशी पुढची रांग एकदम मागे सरकली. व्यापारी हळूच बाकाखाली गेला.

वादळदेव म्हणाला, "आता कुजबुजून बोलायची गरज नाही ना?" ते त्याचं कुजबुजणं होतं. भिंतीवरच्या ढाली खाली पडल्या. मुलीने ओठ काढला, तसा तो घाईघाईने खरोखर हळू बोलू लागला. "हालवार, तुझ्या हाताच्या अंतरावर उभा होतो मी. शिंकलो, तर डोंगर गडगडला. दारातून आत यायला मला वाकावं लागलं. तरी तू मला ओळखलं नाहीस?"

हालवार खाली मान घालून म्हणाला, "नाही, देवा. मला वाटलं वारा वाढला."

 वादळदेवाच्या पोटातून काहीतरी वर आलं आणि तो हसू लागला. मांडीवरची मुलगी वरखाली उसळू लागली, आणि तीही हसू लागली. "वारा वाढला! ऐकलंस का रे तू?"

"ऐकलं," कोपऱ्यातून बोकड म्हणाला. त्याच्या तोंडात अजून टोपीचा एक कान होता.

लंगडा म्हातारा किंचाळला, "हा बोकड बोलतो?"

तोरामावशी म्हणाली, "तुमचाच आहे ना तो?"

"माझा? मला वाटलं गावाचा आहे!"

"हा माझा धाकटा भाऊ," वादळदेव म्हणाला. "खट्याळदेव म्हणतात याला. काल कुरव झाला होता, आज बोकड झालाय. आणि हा वेश याचीच कल्पना. म्हणे, 'दादा, म्हातारीच्या वेशात तुला कुणी ओळखणार नाही.' सकाळपासून तीनदा परकरात पाय अडकून पडलो मी!"

"पण शोभून दिसतोस हो," खट्याळदेव म्हणाला.

वादळदेवाने त्याच्याकडे रागाने पाहायचा प्रयत्न केला. पण मांडीवर मूल घेऊन रागावता येत नाही. तो हालवारकडे वळला. "वसंतात तुझ्या दारातून गेलो तो फार राग घेऊन गेलो. आज तो तसाच घेऊन आलो होतो. तू माझ्याकडे बोट केलं असतंस आणि हिला खोपीत पाठवलं असतंस, तर त्या अस्वलाच्या कातड्यावर बसूनही मी ही खाडी गोठवली असती. पण एक अडचण आहे." त्याचा चेहरा पडला. "मी शपथ घेतली आहे. तीन हिवाळे ही खाडी गोठवीन, अशी. राग गेला तरी देवाला शपथ मोडता येत नाही."

सगळ्यांचे चेहरे उतरले. रागनाच्या हातातला डाव तसाच राहिला.

खट्याळदेवाने टोपीचा उरलेला कान गिळला. "दादा, शपथ घेताना नेमकं काय म्हणाला होतास?"

"म्हणालो, तीन हिवाळे या खाडीवर बर्फ धरीन, या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"केवढं जाड, ते म्हणालास का?"

वादळदेवाने डोकं खाजवलं. दाढीतल्या विजा चमकल्या. "नाही. जाडीचं काही बोललो नाही."

"मग?" बोकड म्हणाला.

वादळदेव आधी गोंधळला, मग समजला, आणि एवढ्या जोरात हसला, की बाक शेवटी मोडलंच. सगळी ओळच्या ओळ जमिनीवर आली. बाकाखालच्या व्यापाऱ्याच्या पाठीवर चौघं पडले. तो "देव नाही मी, देव नाही!" असं ओरडत बाहेर आला, आणि गाव पोट धरधरून हसलं. तोरामावशीने त्यालाही वाडगाभर कढण दिलं.

शपथ खरी झाली. तीन हिवाळे खाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत गोठली; पण बर्फ कांद्याच्या पापुद्र्याएवढं पातळ. सकाळी होड्या पाण्यात उतरत तेव्हा ते किणकिणत फुटे, आणि तो आवाज ऐकायला मासे गोळा होत. त्या गावाला तेवढे मासे ना आधी कधी मिळाले, ना नंतर.

हालवारला कुणी शिक्षा केली नाही. पण त्याने स्वतःला सोडलं नाही. उन्हाळा लागल्यावर तो ज्यांना ज्यांना खोपीत पाठवलं होतं त्यांना शोधत चालत निघाला. गारांतली ती म्हातारी दोन गावं पलीकडे सापडली. तिने आधी त्याला झाडूने बडवलं आणि मग जेवायला बसवलं. परत आल्यावर त्याने पहिलं काम केलं ते होड्यांच्या खोपीला चौथी भिंत बांधण्याचं. त्यानंतर वेशीवरचं उंच बाक काढून लांबघरात नेलं, कारण तिथे एक बाक कमी पडत होतं.

आताही कुणी वाटसरू आला की हालवारच फाटक उघडी. पण तो कुणाच्या डोळ्यांत पाहत नसे, जोड्यांकडेही पाहत नसे. "थंडी फार आहे, आधी आत या," एवढंच म्हणे. पुढच्या किती वर्षांत त्या दारातून किती देव आत आले आणि किती माणसं, ते गावात कुणालाच ठाऊक नाही. कुणी मोजलं नाही.

ही गोष्ट ऐकून लहानांनी आणि मोठ्यांनी गाठीला बांधायचं ते एवढंच: आपल्याला कळत नाही, हे जो मोकळेपणाने कबूल करतो, त्याच्या दारात कुणाचाच अपमान होत नाही.